एका खुंटीचे मिस्तरी

प्रकाशा येथील नाव बांधणारे नथू मिस्तरी चैत्र वद्य पंचमीला सकाळी आपल्या कामाच्या छपरात वारले. ते माझे मामा होते. वय साठीच्या पुढे. नक्की किती, हे त्यांना स्वतःलाही सांगता येत नसे. मी धुळ्याला वर्तमानपत्राच्या कचेरीत काम करतो. शहाद्याकडून येणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या क्लीनरने त्या दुपारी कचेरीच्या दारात उभे राहून निरोप सांगितला, "तुम्हना मामा गया. मामीनी सांगेल शे, उन्हायाना दिन शेत, थांबता येवाव नही. सवडमा या." दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा दहन झाले होते. छपरात वाकस, पटाशी आणि करवत नेहमीच्या जागी होती. भिंतीत दोन खुंट्या होत्या. एकीवर मामांची टोपी होती. दुसरीवर तीन गाठींची एक दोरी होती आणि ती तिथे बऱ्याच वर्षांपासून होती. हा मजकूर त्या दोरीसंबंधी आहे. यातले काही मी पाहिलेले आहे, काही मामींकडून ऐकलेले आहे. जे कोणीच पाहिलेले नाही ते तसे सांगितले आहे.

तापीत मासे धरणाऱ्या भोयांची नाव लहान असते, दोन माणसे आणि एक जाळे मावेल एवढी. मामा ती सागाच्या फळ्यांची बांधत. साग सातपुड्यातून तळोद्याच्या बाजारात उतरे, तिथून बैलगाडीने प्रकाशाला येई. फळ्यांचे सांधे कापसाने ठासून भरायचे आणि वरून तेलात उकळलेली राळ फिरवायची. कापूस आमच्याकडे घरचाच. मामांकडे नाव तयार मिळत नसे. गिऱ्हाईक आले की ते त्याला आधी ओट्यावर बसवत, पाय लांब करायला सांगत आणि आपल्या कमरेची दोरी काढत. कमरेपासून तळपायापर्यंत एक गाठ. वल्हे मारणारा ज्या आडव्या दांडीवर पाय रोवतो ती पायदांडी नावेत कुठे बसवायची, हे त्या गाठीवरून ठरे. खांद्यापासून मुठीपर्यंत दुसरी गाठ. मग उभे करून, जाळे फेकताना माणूस जसे पाय फाकवतो तसे फाकवायला लावून, तिसरी. दोरी छपरातल्या खुंटीवर टांगली की काम सुरू. खुंटी तेव्हा एकच होती. एका वेळी एक दोरी, एक नाव. ती दोरी खाली उतरल्याशिवाय दुसऱ्या नावेच्या लाकडाला वाकस लागत नसे. हा नियम मामांच्या वडिलांचा. कारण विचारले की मामा म्हणत, "दोन दोऱ्या टांग्यात तर गाठी एकमेकना कानमा बोलतीन."

दोरी उतरण्याची रीतही ठरलेली होती. तिला तिकडे 'पानी दाखाडनं' म्हणत. नाव पुरी झाली की ती काठाशी दगड भरून बुडवून ठेवायची, म्हणजे लाकूड फुगून सांधे मिटतात. मग उपसायची, पुसायची आणि गिऱ्हाइकाला निरोप पाठवायचा. गिऱ्हाईक घरच्या मंडळींसह घाटावर येई. मामा नावेच्या मधोमध मांडी घालून बसत आणि पाणी उपसायचे भांडे बरोबर घेत नसत. वल्हे गिऱ्हाइकाच्या हाती. गोमाई नदीच्या संगमापर्यंत वर जायचे, तिथे नाव धारेला आडवी सोडायची, एकदा जाळे फेकायचे आणि परत यायचे. काठाला लागल्यावर मामा नावेच्या तळावर हात फिरवत आणि तळहात वर करून सगळ्या घाटाला दाखवत. तो कोरडा असला आणि गिऱ्हाइकाची मान हलली तर सौदा झाला. मग मामा दोरी खुंटीवरून काढून नदीत सोडत आणि गूळ वाटत. गिऱ्हाइकाला नाव पसंत पडली नाही तर कारण सांगण्याची सक्ती नव्हती. अशी नाव मामा दुसऱ्याला विकत नसत, तिच्या फळ्या सुट्या करत. एकाच्या मापाची नाव दुसऱ्याच्या पायाखाली द्यायची नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

मागल्या, म्हणजे चौदा सालच्या लढाईच्या सुमारास, मी लहान असताना पाहिलेले एक पाणी दाखवणे मला चांगले आठवते. उखा नावाच्या भोयाची नाव होती. त्याच्या बायकोला तिची खात्री वाटेना. ती घाटावर बकरी घेऊन आली आणि म्हणाली, "मन्हा नवरा भोया शे, त्याले कोनीबी नावमा बसाडी देस. मन्ही बकरी भोयी नही शे." तिच्या बोलीत भोया म्हणजे भोळा. बकरी नावेत चढवली गेली. संगमापर्यंत जाऊन येईतो ती जाळ्याचे टोक चघळत उभी राहिली. काठाला लागल्यावर मामा म्हणाले, "बाई, बकरीनं माप बी लिन्हं नव्हतं, तरी ती बठनी. आते तू बठशी का?" "बठसू ना," ती म्हणाली, "पन पहिले हात दखाडा." मामांनी हात दाखवला. घाट हसला. त्या वर्षांत सारंगखेड्याकडून, खालच्या अंगाच्या गावांतूनही गिऱ्हाइके येत आणि दोरीची वाट पाहत. खुंटी मोकळी होण्यापूर्वीच पुढचा माणूस ओट्यावर येऊन बसलेला असे.

लोटन भोई मामांच्याच वयाचा होता. दोघे एकाच घाटावर पोहायला शिकले. लोटनचे वडील लवकर गेले. धाकटा भाऊ झिपरू तेव्हा रांगत होता. त्याला लोटनने वाढवले, जाळे विणायला शिकवले, त्याचे लग्न लावून दिले. लोटन उंच, रुंद, कमी बोलणारा. झिपरू बुटका, चपळ आणि सतत काहीतरी बोलणारा. एका वर्षी बैलगाडी उलटून लोटनचा डावा खांदा उतरला. बसवला, पण नीट बसला नाही. हात कानाच्या वर जाईना. त्यानंतर नदीवर जायचा तो झिपरूच. हे सगळ्या भोईवाड्याला ठाऊक होते आणि लोटनसमोर कोणी बोलत नव्हते.

आत्ताची ही लढाई सुरू होण्याच्या काही वर्षे आधी, आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सणाला मी प्रकाशाला होतो. त्या दिवशी दोघे भाऊ नव्या नावेसाठी आले. जुनी नाव सडली होती. त्या वेळी झालेले बोलणे मी स्वतः ऐकलेले आहे. मामांनी दोरी काढली आणि विचारले, "वल्हं कोन मारी?"

"मी," असे म्हणून लोटन ओट्यावर बसला आणि त्याने पाय लांब केले.

मामांनी झिपरूकडे पाहिले. झिपरू हसत होता. "मन्हं माप ल्या ना मिस्तरीबाबा. दोरीबी वाची, लाकूडबी वाची."

"तू गप ऱ्हाय," लोटन म्हणाला. "घरमा मोठा कोन शे?"

"तू शे, भाऊ."

"मंग?"

मामा दोरी हातात धरून उभे होते. त्यांनी पुन्हा विचारले, "लोटन, वल्हं कोन मारी?"

"एक डाव सांगं ना, मिस्तरी. तुन्हा कान जड व्हयना का?"

झिपरू मोठ्याने हसला. मामाही थोडे हसले आणि खाली बसून त्यांनी लोटनच्या कमरेपासून तळपायापर्यंत दोरी लावली. धाकट्या भावासमोर थोरल्याला 'तू आता वल्हे मारणार नाहीस' असे म्हणण्याची आमच्याकडे पद्धत नाही. घरातल्या कर्त्याचे माप घ्यायचे, ही मात्र पद्धत आहे. मामांनी पद्धतीप्रमाणे केले.

पाणी दाखवण्याच्या दिवशी मी धुळ्याला परतलो होतो. मामी सांगतात त्याप्रमाणे लोटनने स्वतः वल्हे मारले, संगमापर्यंत जाऊन आला, जाळे तेवढे झिपरूने फेकले. मामांचा तळहात कोरडा होता. लोटनची मान हलली. दोरी नदीत गेली, गूळ वाटला गेला. काठावर उतरताना झिपरूने भावाला उजव्या बाजूने धरले, ते मामींनी पाहिले. "मी यास्ले सांगं," मामी म्हणाल्या. "तर यास्नी मालेच गूय दिन्हा, तोंड बंद कराले."

नाव चांगली होती. झिपरूचे पाय मात्र पायदांडीपर्यंत पोचत नव्हते. वल्हे ओढताना पाय रोवायला आधार नसला तर माणूस बैठकीवरून घसरतो, आणि जोर लावायची वेळ येते तेव्हाच जास्त घसरतो. झिपरू मामांकडे आला. दांडी उचलून अलीकडे बसवायची, एका सकाळचे काम होते. मामा म्हणाले, "लई ये." पण नाव आली नाही. लोटन म्हणाला होता, "मन्हा मापनी नावले करवत लागाव नही. मी आजून जिता शे." हे झिपरूनेच मामांना येऊन सांगितले, भावाच्या आवाजाची नक्कल करून, हसत. त्याने बाभळीचा एक ठोकळा दांडीला दोरीने बांधून घेतला आणि तेवढ्यावर काम चालवले.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी, पाणी उतरत असताना, झिपरू एकटा नाव घेऊन गेला. वरच्या अंगाला पाऊस झाला असावा. नदी पुन्हा चढली. तो कसा बुडाला हे कोणी पाहिलेले नाही. नाव खालच्या अंगाला, एका वळणावर, काठच्या झुडपांत अडकलेली सापडली. तिची एकही फळी निखळली नव्हती. झिपरू त्याच्याही खाली सापडला. पायदांडीला दोरीचे टोक बांधलेले होते आणि बाभळीचा ठोकळा नव्हता. ठोकळा आधी सुटला की नाव झुडपांत आपटली तेव्हा, हे सांगता येत नाही. पूर असा होता की ज्याचे पाय दांडीला पोचत होते असाही माणूस वाचला नसता, असे भोईवाड्यातल्या जाणत्यांनी मला सांगितले आहे. मामांना हे पटले नाही. मी त्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "नाव चुकनी नही. मापबी चुकनं नही. मानूस चुकना." मग म्हणाले, "मी तिसरांदाव इचाराले पाह्यजे व्हतं..."

तेराव्यानंतर लोटनने नाव चार माणसांकडून उचलून आणवली आणि मामांच्या अंगणात उपडी घातली. "हाई तुन्ही," एवढेच म्हणून तो गेला. मामांनी तिच्या फळ्या सुट्या केल्या नाहीत. काही दिवसांनी ते झिपरूच्या घरी गेले. झिपरूला मूल नव्हते. घरात त्याची बायको सखू होती आणि ती माहेरी जायच्या तयारीत होती. मामांनी तिच्याकडे झिपरूचे माप मागितले. मामी बरोबर होत्या, त्यांनी हे पाहिले आहे. सखूला आधी काही कळले नाही. मग तिने त्याची लांब बाह्यांची बंडी आणून दिली. तिच्यावरून हाताचे माप निघाले. पायांचे निघेना. ती कणगीकडे पाहत म्हणाली, "जेवाले त्या कणगीले पाठ लाईसन बठेत. पाय लांबा करेत तवय उंबराले लागेत. मी कितलांदाव सांगं, उंबराले पाय लावू नका..." मामांनी कणगीपासून उंबऱ्यापर्यंत दोरी धरली आणि गाठ मारली. तिसऱ्या गाठीसाठी ती स्वतः अंगणात जाळे फेकल्यासारखी उभी राहिली. "आसा उभा ऱ्हायेत," ती म्हणाली. मामांनी तिच्या पावलांमध्ये दोरी लावली. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ तिला घेऊन सारंगखेड्याला गेला.

ती दोरी मामांनी खुंटीवर टांगली. दांडी काढून नव्या गाठीवर बसवली, बैठक थोडी खाली घेतली, सांधे नव्याने भरले. नाव पुन्हा पुरी झाली. आता पाणी दाखवायचे राहिले, आणि ते त्या घरच्या माणसानेच दाखवायचे असते. त्या घरात उरलेला माणूस एकच होता. मामांनी लोटनला निरोप धाडला. लोटन आला नाही.

जोवर लोटन येत नाही तोवर दोरी उतरत नव्हती, आणि दोरी उतरत नाही तोवर दुसरी नाव सुरू होत नव्हती. मामांनी हे कोणाला समजावून सांगितले नाही. गिऱ्हाईक आले की ते "खुटी मोकयी नही" म्हणत आणि पाणी विचारत. पहिल्या वर्षी माणसे थांबली. दुसऱ्या वर्षी ती खालच्या अंगाच्या दुसऱ्या मिस्तरीकडे जाऊ लागली. त्याच्याकडे नावा तयार मिळत, एकाच मापाच्या, आणि ज्याला हवी त्याने उचलून न्यावी. मामा वखरांचे दांडे, दाराच्या चौकटी, गाड्यांची जोखडे करू लागले. त्या कामाला दोरी लागत नसे. दर साली आखाजीच्या आधी ते ती नाव उताणी करत, जुना कापूस काढून सांधे नव्या कापसाने भरत, राळ फिरवत, नदीत बुडवून फुगवत, उपसत, पुसत आणि लोटनला निरोप पाठवत. निरोप पोचल्याचे माणूस येऊन सांगे. सण उलटला की मामा नाव पुन्हा उपडी घालत.

मामींनी एकदा यावर उपाय केला. मामा बाजाराला गेले असताना त्यांनी छपराच्या भिंतीत पहिल्या खुंटीशेजारी दुसरी खुंटी ठोकली. मामा आले, त्यांनी ती पाहिली, डोक्यावरची टोपी काढून तिच्यावर अडकवली आणि कामाला बसले. तेव्हापासून ती टोपीची खुंटी झाली. मामी शेजारणींना सांगत, "लोकस्ना घरमा सवत येस ती बोलस तरी. मन्ही भितमा ठोकेल शे." बायका हसत. मामीही हसत. पण त्यांनी भोईवाड्यातल्या हळदीकुंकवाला जाणे बंद केले होते, हे मला नंतर कळले.

एका हिवाळ्यात अक्राणीकडचा, नर्मदेच्या काठचा एक भिल्ल गडी डोंगर उतरून तळोद्यावरून चालत आला. मामांच्या हातची नाव त्याने कुठेतरी पाहिली होती. त्याची बोली मामांना अर्धीच कळे, मामांची त्याला अर्धी. त्याने ओट्यावर बसून आपण होऊन पाय लांब केले. मामांनी खुंटीकडे बोट दाखवले. त्याने खुंटीकडे पाहिले, मग शेजारच्या टोपीच्या खुंटीकडे पाहिले आणि टोपी काढून मामांच्या हातात दिली. मामांनी ती पुन्हा खुंटीवर ठेवली. तो गडी जेवला, अंगणात उपड्या नावेशेजारी झोपला आणि सकाळी परत गेला. मामींनी त्याला भाकरी बांधून दिली. हे सांगताना मामी म्हणाल्या, "तेवढा दूरथाईन उना व्हता. त्याना पाय देखीसन तरी..."

मग लढाई आली. खिळे मिळेनासे झाले, साग लष्कराकडे जाऊ लागला, खालच्या अंगाच्या मिस्तरीनेही काम थांबवले. मामांचे काम त्याआधीच थांबले होते. त्या सुमारास मामींच्या सांगण्यावरून मी लोटनला भेटलो. झिपरू गेल्यानंतर तो कधी नावेत बसला नव्हता. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून उजव्या हाताने लहान जाळे फेकायचा. मी गेलो तेव्हा तो काठावर बसून जाळ्याला शिसे बांधत होता. मी म्हणालो, "लोटनदादा, मामा थकना शे. एक डाव बठी ये."

"बस भाचा," तो म्हणाला. गावाच्या लेखी बहिणीचा मुलगा सगळ्या गावाचा भाचा असतो. "कोनी नाव शे ती?"

"तुन्ही."

"मन्ही दांडी त्यानी काढी टाकेल शे. आते ती मन्ही नही."

"मंग झिपरूनी शे. झिपरूनं घर तूच शे."

त्याने शिशाचा मणी दोरीत ओवला, दाताने दाबला. मग म्हणाला, "भाचा, तू कागदमा लिखस, तुले समजी. ती दांडी आते जठे शे, तठे मी पाय ठेवा, तर गाव म्हनी, दांडी पहिलेच तठे पाह्यजे व्हती. मंग गाव इचारी, तठे काबर नव्हती." त्याने खांद्याकडे पाहिले नाही, नदीकडे पाहिले. "तुन्हा मामाले हात दखाडाना शे. कोरडा हात. त्यान्हा हात कोरडा निंघना, तर वला कोना ऱ्हायना?"

मी हे मामांना सांगितले नाही. त्यांनीही विचारले नाही.

माझी त्यांची शेवटची भेट फाल्गुनात, होळीनंतर झाली. ते खंगले होते, करवत धरता येत नव्हती; पण आखाजी जवळ येत होती म्हणून कापूस निवडत बसले होते. सरकी काढलेला कापूस मांडीवर घेऊन त्याच्या वाती वळत होते. त्यांनी विचारले, "तुम्हना कागदमा खोटं छापाई गयं, तर काय करतस?" मी म्हणालो, दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतो. "आनि पहिला दिन ज्यानी वाचं, तोच दुसरा दिन वाचस का?" मी म्हणालो, ते सांगता येत नाही. त्यांनी मान हलवली आणि वात वळत राहिले. निघताना म्हणाले, "या साली लोटनले तू निरोप सांग. तुन्हं तो ऐकी." मी हो म्हणालो. आखाजीला तेव्हा महिन्याहून जास्त अवकाश होता.

ते गेले त्या सकाळी मामी अंगण झाडत होत्या. छपरात काही पडल्याचा आवाज झाला म्हणून त्या आत गेल्या. मामा भिंतीला टेकून बसलेले होते, कापूस मांडीवर होता. पडली होती ती राळेची वाटी. उपड्या नावेचे त्या सालचे काम सुरू झाले नव्हते.

भोईवाड्यातून पहिला माणूस आला तो लोटन. त्याने तिरडीला खांदा दिला. डाव्या खांद्यावर घ्यायची जागा रिकामी होती, तिथेच तो लागला. घाटाच्या उतारावर तिरडी त्या बाजूने खाली झुकू लागली. मागून एका तरुणाने म्हटले, "दादा, मी लागस, तुन्हा खांदा दुखी." लोटन बाजूला झाला. सगळ्या गावासमोर त्याच्या खांद्याचे नाव घेतले गेल्याचा हा पहिला प्रसंग, असे मामींचे म्हणणे आहे. अग्नी दिल्यावर लोटन इतरांबरोबर आंघोळ करून घरी गेला.

दहाव्याला आणि तेराव्यालाही तो आला, पानावर बसला, उठला. छपराकडे गेला नाही. मी परत धुळ्याला आलो.

अक्षय तृतीयेनंतर तोच क्लीनर कचेरीच्या दारात आला आणि म्हणाला, "भाऊ, आयकं का? लोटन आखाजीले सकायनाच नाव लई गया. संगमलोंग जाई उना. एकटा. पानी दाखाडं त्यानी." मी विचारले, कोणी पाहिले? तो म्हणाला, शहाद्याच्या मोटारथांब्यावर सगळे बोलताहेत. दुसऱ्या दिवशी शहाद्याहून आलेल्या एका व्यापाऱ्यानेही तेच सांगितले. त्याने भर घातली की लोटनने नदीत दोरी सोडली आणि गूळ वाटला. मग माझ्या शेजाऱ्याने सांगितले, तेव्हा त्यात सखूही माहेराहून येऊन काठावर उभी होती.

रविवारी मी प्रकाशाला गेलो. मामींना विचारले. त्या म्हणाल्या, "कोनी सांगं तुले? आखाजीले आठे कोनी उनं नही." मी भोईवाड्यात विचारले. त्या सकाळी नदीवर होते ते सगळे एकच सांगतात, लोटन आखाजीला नेहमीच्या जागी, कमरेएवढ्या पाण्यात, उजव्या हाताने जाळे फेकत होता. सारंगखेड्याहून कोणी आले नव्हते. गूळ कोणाला मिळालेला नाही.

अंगणात नाव उपडी आहे. खाली बसून आतून पाहिले तर फळ्यांच्या यंदा न भरलेल्या सांध्यांतून उजेड दिसतो. छपरात एका खुंटीवर टोपी आहे. दुसरीवर दोरी आहे, तिला तीन गाठी आहेत.